मदत हवी आहे: गाडी चालू होत नाहीये, जंप-स्टार्ट कसं करायचं? (तातडीचं)

मृण्मयी_स
किल्ली फिरवली की नुसतं टक-टक-टक. बॅटरी उतरलीय हे नक्की. शेजारी केबल आहे, गाडीही आहे. लाल कुठे आणि काळी कुठे लावायची एवढंच सांगा. उद्या 11 वाजता आईला कोल्हापुरात डॉक्टरांकडे न्यायचंय. प्लीज लवकर.

घाटवाट
कुठे आहात? गाडी कोणती? आतले दिवे लागतात का?

अप्पा_इस्लामपूर
केबलच्या भानगडीत कशाला पडता? दुसरा गिअर टाका, क्लच दाबा, दोघांना धक्का मारायला सांगा, वेग आला की क्लच सोडा. आमची जीप वर्षानुवर्षं अशीच चालू व्हायची.

मृण्मयी_स
आंबोलीत आहोत, धो धो पाऊस. दिवे लागतात पण मिणमिणते, किल्ली फिरवली की विझतात. गाडी उतारावरच आहे, धक्का सोपा पडेल ना?

व्होल्टमीटर
उतारावर आहे म्हणूनच नको. इंजिन बंद असलं की ब्रेकला व्हॅक्यूमची मदत एकदोनदाच मिळते, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड. त्यात ओला रस्ता. ताई, टॉर्च घेऊन बॅटरी बघा. फुगली असेल, तडा असेल, अ‍ॅसिड गळत असेल तर केबल लावायचीच नाही.

अप्पा_इस्लामपूर
हँडब्रेक असतो की. घाबरवू नका त्यांना.

मृण्मयी_स
फुगलेली नाही. प्लसवर हिरवट-पांढरी पूड साचलीय आणि क्लॅम्प हाताने फिरतोय. अप्पा, क्लचचं पेडलच नाहीये, एएमटी आहे, गिअर आपोआप पडतात.

घाटवाट
हे आधी सांगायचं ना! एएमटी धक्क्याने चालू होत नाही. विषय मिटला.

व्होल्टमीटर
मग आधी टर्मिनल, म्हणजे बॅटरीचे प्लस-मायनसचे खुंट, साफ करा. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो. मायनस आधी सोडा, मग प्लस. कोमट पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसून प्लस आधी लावा, मायनस शेवटी. सैल क्लॅम्पमुळेही नुसतं टक-टक होतं.

ओंटारिओकर
आमच्याकडे हिवाळ्यात उतरलेली बॅटरी आतून गोठते. गोठलेल्या बॅटरीला जंप कधीच देऊ नये, फुटू शकते. आधी गॅरेजमध्ये ऊब द्यायची.

तांबडीमाती
आंबोलीत कुठली गोठतेय बॅटरी. ताई, कोल्हापूरला जाताना आजरा-गडहिंग्लज करून संकेश्वरला हायवे धरा.

मृण्मयी_स
साफ केलं, घट्ट केलं. दिवे जरा बरे, पण टक-टक तशीच. आता शेजारचे काका ट्रक जवळ आणतायत.

घाटवाट
थांबा! गाडी म्हणजे ट्रक??

व्होल्टमीटर
काकांना लगेच थांबवा. मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणजे 24 व्होल्ट. तुमच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाईल, बॅटरी फुटूही शकते.

तांबडीमाती
दोनपैकी एकाच बॅटरीला केबल लावली की 12च मिळतात. आमच्याकडे सर्रास करतात.

व्होल्टमीटर
करतात, आणि गाड्याही जळतात. चुकून वरची बॅटरी, म्हणजे जिचा मायनस बॉडीला जोडलेला नसतो ती, पकडली आणि दोन्ही गाड्या एकमेकींना टेकल्या की सरळ शॉर्ट. अंधारात, पावसात हे सुचवू नका.

मृण्मयी_स
ट्रक नको म्हणून सांगितलं. समोरच्या दुकानदारांची पिकअप आहे, बॅटरीवर 12 व्ही लिहिलंय. ही चालेल?

व्होल्टमीटर
चालेल. पण आज नको. आता चालू करून बंद केलीत तर सकाळी पुन्हा तेच. त्यांना पहाटे निघायच्या वेळी बोलवा.

पिकअप जवळ घ्या पण टेकवू नका. दोन्ही गाड्या बंद, न्यूट्रल, हँडब्रेक. दिवे, एसी, वायपर बंद. आता लाल चिमटा तुमच्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक पिकअपच्या प्लसला. काळा पिकअपच्या मायनसला. काळ्याचं दुसरं टोक तुमच्या बॅटरीला लावायचं नाही. बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला किंवा जाड बोल्टला. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. चेहरा वाकवून बघू नका. चिमटे लावल्यावर लाल-काळा एकमेकांना लागू देऊ नका.

मग पिकअप चालू करा, पाचेक मिनिटं तशीच ठेवा, मग तुमची. चालू झाली की काढताना बरोबर उलट क्रम, इंजिनवरचा काळा आधी.

अप्पा_इस्लामपूर
देणारी गाडी बंदच ठेवावी. नाहीतर तिचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, जातो.

व्होल्टमीटर
चिमटे लावताना बंद, नंतर चालू. गाडीसोबतच्या पुस्तकात पान असतं, दोघांनीही आपापलं बघावं.

घाटवाट
केबल किती जाड आहे? बाजारातल्या स्वस्त केबलमध्ये वर प्लास्टिक जाड आणि आत तांबं नावाला. गरम झाली तर लगेच थांबा.

सायली_नेरुळ
माझ्या गाडीला किल्लीच नाही, पुश बटण आहे. कधीकधी गाडीला रिमोट सापडत नाही. तेही बॅटरीमुळेच का?

घाटवाट
तो रिमोटमधला छोटा गोल सेल, ताई. रिमोट बटणाला टेकवून दाबून बघा. वेगळा धागा काढा.

मृण्मयी_स (सकाळी)
चालू झाली!! पहिल्या प्रयत्नात. काळा चिमटा इंजिनवरच्या लोखंडी हुकाला लावला. दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत. निघालोय, भाऊ चालवतोय. वाटेत चहाला बंद केली तर चालेल?

व्होल्टमीटर
आजऱ्याच्या पुढे जाईपर्यंत नको. नुसती उभी ठेवून चार्ज नीट होत नाही, चालतीच हवी. कोल्हापुरात बॅटरीवाल्याकडे मीटर लावून घ्या. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर ठीक. कमी दिसले तर नवी बॅटरीही उतरेल. किती वर्षांची आहे ही?

मृण्मयी_स
गाडीसोबत आलेलीच. पाच वर्षं होतील.

अप्पा_इस्लामपूर
मग बदला. जुनी देऊन टाका, तिचे पैसे वजा करतात. आईची तपासणी काय झाली तेवढं कळवा.