मदत हवी आहे: रिमवर्ल्ड या वसाहत उभारायच्या संगणक खेळात दगडी ठोकळे तटबंदीपर्यंत लवकर कसे पोचवायचे?

नमस्कार मंडळी,

समुद्रकाठच्या नकाशावर वसाहत उभी करतोय. मी गुहागरचा, किनारा सोडून दुसरी जागा निवडवत नाही. कोठार डोंगराच्या पोटात आणि तटबंदी घालायची ती पार दुसऱ्या टोकाला, वाळूच्या अंगाला. मध्ये दलदल.

ग्रॅनाइटच्या भिंतीला नकाशाच्या एका चौकोनामागे 5 ठोकळे लागतात आणि एका थप्पीत 75 मावतात. म्हणजे एका खेपेत 15 चौकोन व्हायला हवेत. पण बांधणारी बाई चिखल तुडवत पोचते, थोडं काम करते, की तिची जेवायची वेळ होते. हमालांना हॉलिंग (मालवाहतूक) 1 वर, म्हणजे पहिल्या प्राधान्यावर ठेवलंय, तरी ते जवळ पडलेला तांदूळच आधी उचलतात.

आमच्याकडे घर बांधताना जांभ्याचा चिरा ट्रकमधून थेट जोत्याशेजारी उतरवून घेतात, गवंड्याला माल हाताशी मिळतो. खेळात तसंच जमवायचंय. दगड न फोडता तिकडे नेऊन तिथेच घडवावेत का? मॉड (खेळात बदल करणाऱ्या बाहेरच्या जोडण्या) शक्यतो नकोत.

प्रतिसाद

नाही दादा, कच्चा दगड वाहू नका. तो एका खेपेला एकच उचलला जातो आणि त्यातून 20 ठोकळे निघतात. घडवून नेलेत तर त्याच खेपेत 75 जातात. दगडकामाचं टेबल खाणीजवळच ठेवा आणि तयार माल जमिनीवर टाकायला सांगा, म्हणजे कारागीर जागचा हलत नाही.

भिंतीलगत 4 चौकोनांचं स्टॉकपाइल (माल साठवायची जागा) आखा. त्यात फक्त ग्रॅनाइटचे ठोकळे, प्राधान्य क्रिटिकल, म्हणजे सगळ्यांत वरचं. कोठार नॉर्मलवर राहू दे. हमाल कोठारातला माल आपणहून तिकडे हलवतात. 300 ठोकळे म्हणजे भिंतीचे 60 चौकोन, एवढ्याने भागतं. बांधकाम सरकेल तसं स्टॉकपाइलही पुढे सरकवा.

पण त्याआधी दलदलीवर लाकडी साकव घाला! चौकोनाला 12 लाकडं जातात, तरी खर्चाकडे बघू नका. दलदलीत चाल इतकी मंदावते की बाकीचे उपाय फुकट जातात.

धागाकर्ता

मनापासून आभार. साकव आजच घालतो. तटबंदीचा एक तुकडा दलदलीवरूनच जातो, तिथे साकवावर ग्रॅनाइटची भिंत उभी राहील का?

प्रतिसाद

दगडी भिंतीचा भार साकव घेत नाही, लाकडी भिंत चालते. पण लाकूड पेट घेतं, तेव्हा जमलं तर तटबंदीच दलदलीला वळसा घालून न्या.