मदत हवी आहे: स्पार्कलिंग वाइनमधला द्राक्षाचा वाटा ओळखायचा कसा?

जाणकारांनो, एक शंका आहे. शॅम्पेनची मुख्य द्राक्षं तीन: शार्दोने, पिनो न्वार, मेनिए. नुसत्या शार्दोनेची ‘ब्लाँ द ब्लाँ’ मला लिंबाकडे झुकणारी, धारदार लागते. काळ्या द्राक्षांची ‘ब्लाँ द न्वार’ जास्त भरदार. (काळ्या द्राक्षांचाही रस पांढराच निघतो, हे घरच्यांना पटवताना नाकी नऊ आले.) इथवर ठीक.

गोंधळ पुढे आहे. इटलीची स्पार्कलिंग वाइन प्रोसेक्को ग्लेरा द्राक्षाची, नासपती आणि फुलांच्या वासाची. पण तिचं दुसरं, म्हणजे बुडबुडे आणणारं आंबवणं बहुधा टाकीत होतं. शॅम्पेनचं बाटलीतच, शिवाय ती यीस्टच्या गाळावर किमान १२ महिने राहते. भाजलेल्या पावाचा वास त्यातूनच येतो. मग द्राक्षाचं श्रेय किती, पद्धतीचं किती?

म्हणून बाटलीत आंबवलेल्याच, पण वेगळ्या द्राक्षांच्या तीन-चार वाइन शेजारी ठेवून चाखायच्या आहेत. सगळ्या ब्रूट, म्हणजे अगदी कमी साखरेच्या; गोडव्याची लुडबुड नको. शेनिन ब्लाँची, फ्रान्समधल्या ल्वारकडची क्रेमाँ (शॅम्पेनबाहेरची, पण बाटलीतच आंबवलेली फ्रेंच स्पार्कलिंग) आणि माकाबेओ, शारेलो, पारेयादाची स्पॅनिश कावा डोक्यात आहेत. क्रेमाँऐवजी नाशिककडची शेनिन ब्लाँची घेतली तर चालेल का, की तिथल्या उन्हामुळे तुलनाच फसेल? आणि निव्वळ मेनिएची बाटली पुण्या-मुंबईत कुणाला दिसलीय का?