मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरचा रिले 'टक' करत नाही (नागपूर)

नमस्कार मंडळी, बाबांनी 1979 साली मस्कतहून आणलेला जपानी रिसीव्हर आहे आमच्याकडे. बाबा आता नाहीत, पण आई रोज सकाळी यावरच विविध भारती ऐकते, आणि तीन आठवड्यांपासून तो मुका आहे.

चालू केला की डायलचे दिवे लागतात, स्टेशन लावलं की मीटरचा काटाही हलतो, पण चार-पाच सेकंदांनी आतून रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) जो 'टक' यायचा तो येतच नाही. एकदम नाही बंद पडला, दिवाळीपासून टक व्हायला आधी अर्धा मिनिट, मग दोन, मग थंडीत दहा-दहा मिनिटं लागून राहिली होती, तेव्हाच बघायला पाहिजे होतं.

बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) एका मेकॅनिकला दाखवला तर तो न उघडताच म्हणे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले, ओरिजिनल मिळत नाहीत, आतलं सगळं काढून नवीन बोर्ड बसवू, ब्लूटूथ पण देतो. मी तसाच उचलून घरी आणला. बाबा ऐकायचे तो आवाजच राहणार नसेल तर नुसता लाकडी खोका ठेवून काय करू?

घरी रिसीव्हरच्या वीजपुरवठ्यात 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावून पाहिला, क्षणभर जोरात पेटला आणि मंद झाला. फ्यूज ठीक आहेत. स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटर लावला तर डीसी दोन्हीकडे शून्य. सोल्डरिंग जमतं, सर्किट वाचण्यात कच्चा आहे. रिले बायपास करून पाहू का? कपॅसिटर सगळे एकदम बदलायचे का? आणि मागचा व्होल्टेज सिलेक्टर 220 वर आहे, रात्री घरात 245 येतं, काय करू?

प्रतिसाद:
भाऊ, बोर्ड नाही बदलू दिला हे फार चांगलं केलं. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असते तर सिरीजचा बल्ब भगभगीत पेटूनच राहिला असता, तुमचा मंद झाला, म्हणजे बहुतेक ते शाबूत आहेत. टर्मिनलवरचा शून्य मात्र धरू नका, रिले उघडा असताना तिथे काही येणारच नाही. रिलेच्या आधी, ॲम्पच्या आउटपुटवर मोजा, स्पीकर काढून. दोन्हीकडे 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर दोष प्रोटेक्शन सर्किटमध्ये (रिले चालवून स्पीकर वाचवणारं सर्किट), आणि टक हळूहळू लांबत गेला त्यावरून मला तिथल्या टायमिंगच्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरच संशय आहे. तेवढीच व्हॅल्यू, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, 105 डिग्रीचा घ्या. एका बाजूला व्होल्टभर डीसी दिसला तर गोष्ट वेगळी, मग त्या चॅनलचे सुरुवातीचे ट्रान्झिस्टर पाहावे लागतील. रिले बायपास अजिबात नको, डीसी सरळ स्पीकरमध्ये जाऊन कॉइल जळेल. सगळे कपॅसिटर एकदम बदलू नका, एखादा उलटा बसला तर मूळ दोष कोणता हेच कळणार नाही. भिंतीतला प्लग काढून सिलेक्टर 240 वर करा. आणि बंद केल्यावरही मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, हात घालायच्या आधी मीटरने तपासा.

धागाकर्ता:
खूप आभार भाऊ! आत्ताच मोजलं, डावीकडे 18, उजवीकडे 23 मिलिव्होल्ट. रिलेजवळ 220 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आहे, खालून तपकिरी झालेला. उद्या नवीन आणतो. आई विचारून राहिली, रविवारपर्यंत होईल का?