मदत हवी आहे: गाळ्यात गादी उभी ठेवावी की आडवी?

वर्षभरासाठी ५ बाय १० फुटांचा स्टोरेज गाळा भाड्याने घेतलाय, उंची ८ फूट. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं ही छाटणी उरकली. मांडणीत मात्र दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

ठरलेलं असं: खाली लाकडी पॅलेट, भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर, म्हणजे हवा खेळती राहते. पुस्तकं लहान खोक्यांत, १५ किलोच्या आत. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की उचलताना तळ सुटलाच म्हणून समजा. अर्धवट भरलेलं खोकं दबतं आणि अख्खी रास कलंडते, म्हणून पोकळीत टॉवेल कोंबायचे. नंबर दोन बाजूंना लिहायचे, वर लिहिलेला रचल्यावर दिसत नाही. मधोमध दीड फूट वाट. फ्रिज बर्फ वितळवून, दाराच्या रबराच्या घड्या पुसून, दारात कापडाची गुंडाळी अडकवून किलकिला. लाकडी कपाटाला प्लास्टिक नको, आत दमट हवा कोंडून बुरशी येते. जुनी सुती चादर बरी.

आता प्रश्न. गादी स्प्रिंगची आहे. उभी ठेवली तर वाकते, खाली आडवी टाकली तर सगळी जागा खाते. खोक्यांच्या राशीवर आडवी ठेवली, वर काहीच नाही, तर चालेल? की खाली प्लायवूड हवंच?

दुसरं, हवेतली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात ठीक, एवढ्या गाळ्यात म्हणजे दर्या में खसखस. त्याऐवजी ओल ओढणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे किती लागतील, कितीदा बदलता? त्यात साचलेलं खारट पाणी सांडलं तर लोखंड गंजतं, मग ते ठेवता कुठे?