मदत हवी आहे : रेडिओलॉजीसाठी थांबावं की दुसरी शाखा घ्यावी?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण सरकारी कॉलेजात एमबीबीएसची इंटर्नशिप करतेय. तिला पुढे रेडिओलॉजीच (एक्सरे, स्कॅन बघून निदान करायची शाखा) हवी आहे. घरात डॉक्टर कोणी नाही, म्हणून इथे विचारतोय.

हिशेब असा: साडेचार वर्षं आणि इंटर्नशिप झाली, की एक वर्षाचा बाँड (सरकारी रुग्णालयातली सक्तीची सेवा). मग नीट पीजीत (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत) रँक लागली तर एमडी रेडिओडायग्नोसिस, म्हणजे रेडिओलॉजीचीच पदवी, तीन वर्षं. आईला वाटत होतं एक्सरेवाल्याला एवढं कशाला शिकायला लागतं! पण फिजिक्स, एमआरआय, सीटी, सोनोग्राफी हे सगळं बघितलं की तीन वर्षंही कमीच वाटतात. पुढे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीकडे (स्कॅन बघत सुई-नळीने उपचार) जायचं तर डीएम ही वरची पदवी आणखी तीन वर्षं.

अडचण रँकची आहे. ही जागा वरचीच मुलं घेऊन जातात आणि खासगी कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नाही. दोन वर्षांचा डीएमआरडी हा रेडिओलॉजीचा डिप्लोमा करून नंतर दोन वर्षं डीएनबी (एमडीच्या बरोबरीची पदवी), हा मार्ग कोणी घेतलाय का? डिप्लोमावाल्यांना कामात कमी लेखतात का? थेट डीएनबी केलेल्यांना स्वतःच्या हाताने करायला पुरेसं काम मिळतं का, की नुसतंच रिपोर्ट टाईप करणं?

बाँड करता करता परीक्षेचा अभ्यास कितपत जमतो, हेही सांगा. ग्रामीण रुग्णालयात लागली तर रात्रपाळ्या असणारच.

‘एआय सगळं खाणार’ हे काका रोज सांगतात, ते सोडून बोला. या शाखेतल्यांचे अनुभव हवेत.