पुण्यातला केनिया आणि आज सकाळचे ५६ (सोसायटी ग्रुप, २७ जून २०२४)

सेक्रेटरी: आज रात्री ८ ची टी-२० वर्ल्ड कपची भारत-इंग्लंड सेमी फायनल क्लब हाउसमध्ये लावतोय. खुर्च्या मांडायला साडेसातला दोघं-तिघं या. फटाके नकोत, ए विंगमध्ये तान्हं बाळ आहे.

ए-७०१: सकाळची बघितली का कोणी? अफगाणिस्तान ५६ ऑल आउट. १२ ओव्हरही पूर्ण खेळले नाहीत. आंघोळ करून आलो तर दक्षिण आफ्रिका बॅटिंगला उतरलेली.

सी-२०४: मी म्हणालोच होतो. आधीचे विजय म्हणजे बोलाफुलाला गाठ. मोठी मॅच आली की पितळ उघडं पडतं.

ए-१०३ काका: पिच पण बघा. एक चेंडू घोट्याशी, पुढचा गळ्याशी. सेमी फायनलला असलं पिच द्यायचं नसतं.

बी-४०२: काका, पिच खराब होतं हे मान्य. पण आफ्रिकेने त्याच पिचवर ९ विकेटने मारली, तेव्हा हरले ते हरलेच. मला लागलं ते 'बोलाफुलाला गाठ'. दादा, एकदा झालं तर गाठ म्हणा. न्यूझीलंडला गयानात ७५ वर गुंडाळलं, फारुकी आणि कॅप्टन रशीद दोघांनीही १७ धावांत ४-४ काढले. रविवारी पहाटे ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुरबाझ-झदरानची ११८ ची सलामी, मग गुलबदीनच्या ४ विकेट. आणि मंगळवारी बांगलादेशसमोर फक्त ११५ होत्या, पाऊस येत-जात होता, तरी ८ धावांनी काढली. २०१० मध्ये हीच टीम पहिल्यांदा टी-२० वर्ल्ड कप खेळली, तेही वेस्ट इंडिजमध्येच. १४ वर्षांत कुठून कुठे आले ते बघा ना.

ए-७०१: त्यात ऑस्ट्रेलियाची मॅच माझ्यासाठी वेगळीच होती. गेल्या वर्षी ७ नोव्हेंबरला, वन-डे वर्ल्ड कपमध्ये, मी वानखेडेवर होतो. ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१, आम्ही सगळे अफगाणिस्तानच्या बाजूने ओरडत होतो. नूर अहमदच्या बॉलिंगवर मुजीबच्या हातून मॅक्सवेलचा सोपा कॅच सुटला, आणि मग ते नाबाद २०१. लोकलमध्ये परत येताना कोणी बोलत नव्हतं. रविवारी तोच मॅक्सवेल ५९ वर खेळत होता, परत तसंच होणार असं वाटलं, आणि गुलबदीनच्या बॉलवर कॅच घेतला कोणी? नूर अहमदनेच. मी घरात एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

बी-४०२: वा! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ए-१०३ काका: आपल्या पोराला विसरू नका हं. सौरभ नेत्रावळकर. २०१० ला अंडर-१९ वर्ल्ड कप भारताकडून खेळला, मुंबईकडून एकच रणजी मॅच मिळाली, मग शिकायला अमेरिकेला गेला आणि इंजिनिअर झाला. डलासला पाकिस्तानविरुद्ध मॅच बरोबरीत सुटली, तेव्हा अमेरिकेने सुपर ओव्हर त्याच्याच हातात दिली. १८ वाचवायच्या होत्या, त्याने १३ दिल्या. मी कांगा लीगमध्ये बरीच वर्षं अंपायरिंग केलंय. पावसात भिजलेल्या चेंडूने टप्पा न सोडणारी किती डावखुरी पोरं पाहिली, आणि त्यातली किती नोकरीला लागून मैदानातून गेली. त्या रात्री एक वाजेपर्यंत जागा होतो. त्याने पुढे न्यूयॉर्कला विराट आणि रोहितला काढलं, तेव्हा भारताचं वाईट वाटलंच, पण त्याचा अभिमान जास्त वाटला.

सी-२०४: काका, नेत्रावळकरबद्दल वाद नाही. पण अशा टीम एक स्पर्धा गाजवतात आणि पुढे दिसत नाहीत.

बी-४०२: दादा, ह्याचंच उत्तर मला द्यायचं आहे. जरा मोठं लिहितो.

२९ फेब्रुवारी १९९६. वन-डे वर्ल्ड कपची केनिया-वेस्ट इंडिज मॅच, पुण्यात. मी नववीत. बाबांनी शाळा बुडवून नेहरू स्टेडियमला नेलं, मला लारा बघायचा होता. केनिया १६६ ऑल आउट. टिकोलोच्या २९ सर्वात जास्त, अवांतर धावा त्याहून जास्त. बाबा म्हणाले, लवकर संपणार, अंधाराआधी घरी. मग रजब अलीने रिचर्डसनचा त्रिफळा उडवला. लारा आला, ८ वर त्याच्या बॅटची कड लागली. तो कीपर तारिक इक्बाल, तोवर त्याच्या हातून चेंडू निसटत होते, आणि हा मात्र त्याने कसाबसा धरला. माझा लारा गेला म्हणून मी रडवेला झालो, आणि आजूबाजूचं सगळं स्टँड उभं राहून नाचत होतं. वेस्ट इंडिज ९३ ऑल आउट. ओडुंबे १० ओव्हर, १५ धावा, ३ विकेट. स्वारगेटला येईपर्यंत बाबा एकच वाक्य म्हणत होते, "ह्यांना आता खेळवलं पाहिजे."

खेळवलं का? २००३ ला ते वर्ल्ड कपच्या सेमी फायनलपर्यंत पोचले. कसोटीचा दर्जा कधीच मिळाला नाही, मोठ्या टीमचे दौरे आटले, त्यांच्या बोर्डातही भांडणं झाली. २०१४ ला वन-डेचा दर्जाही गेला. दादा, दिसत नाहीत हे खरं, पण नुसती त्यांचीच ताकद संपली म्हणून नाही. चार वर्षांतून एकदा मोठ्यांशी गाठ पडत असेल तर टीम वाढणार कशी?

सी-३०२ ताई: एक गोष्ट मलाही बोलायची आहे. ऑस्ट्रेलिया अफगाणिस्तानशी द्विपक्षीय मालिका खेळत नाही, कारण तिथे मुलींना खेळू देत नाहीत. २०२० मध्ये २५ मुलींना बोर्डाने करार दिले होते, तालिबान आल्यावर त्यातल्या बऱ्याच जणी देश सोडून ऑस्ट्रेलियात गेल्या. रशीदच्या टीमसाठी मीही टाळ्या वाजवते, पण त्या मुली मनातून जात नाहीत. केनियाला कोणी खेळवलं नाही हे जसं सलतं, तसंच हे.

बी-४०२: ताई, तुम्ही बरोबर बोललात. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. खेळायला बंदी घालावी असं म्हणवत नाही, आणि त्या मुलींना विसरून चालावं असंही नाही.

सी-२०४: केनियाचं एवढं मला माहीत नव्हतं. गाठीचा शब्द मागे घेतो. पण आज ५६ ही फारच कमी होती, एवढं म्हणू द्या.

बी-४०२: म्हणा की. रशीदचा चेहरा बघवत नव्हता.

अजून एक. १५ तारखेला पहाटे दूध आणायला उतरलो तर आपले वॉचमनदादा केबिनमध्ये मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून नेपाळची मॅच बघत होते. मीही तिथेच थांबलो. आफ्रिकेच्या ११५, नेपाळला शेवटच्या चेंडूवर २ हव्या होत्या. गुलसन झाच्या बॅटला लागलाच नाही, धावला, रनआउट. एका धावेने हरले. दादांनी मोबाइल उलटा ठेवला आणि गेट उघडायला गेले, स्कूल बस आली होती. परत आले तेव्हा म्हणाले, "भुर्तेलने चार काढले ना, साहेब." दूध घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजले.

ए-१०३ काका: अरे, मग त्यांना आज बोलावलंस का?

सेक्रेटरी: गयानात पाऊस आहे, टॉस लांबलाय. खुर्च्या मांडून झाल्या, या सगळे.

बी-४०२: दाराजवळची एक खुर्ची रिकामी ठेवा. वॉचमनदादांना तिथून गेट दिसलं पाहिजे.