मशीनगन मांडणं काढून टाकायचं की सुधारायचं?

फोंडा_गनर
काल म्हापसा_रनरने लिहिलं की महायुद्धाच्या गेममधलं मशीनगन मांडणं काढूनच टाका, उभ्याने फायर करू द्या. म्हणे, लोक लढायला येतात, कठड्यावर बायपॉड, म्हणजे गनच्या पुढचे दोन पाय, टेकवायची कसरत करायला नाही. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन मशीनगन एमजी ४२ मिनिटाला साधारण १२०० गोळ्या फेकते. म्हणजे सेकंदाला २०. पन्नास गोळ्यांचा पट्टा अडीच सेकंदांत खलास. साडेअकरा किलोचं हे धूड उभ्याने चालवून नेम लागायला लागला तर रायफल घेणार कोण? जर्मन तुकडीची सगळी बांधणी या गनभोवती असायची, बाकीचे तिच्यासाठी पट्टे वाहायचे. मांडणं गेलं की उरेल फक्त लांब पट्ट्याची सबमशीनगन, म्हणजे जवळून मारायची हलकी गन.

आता त्रास कुठे आहे ते बघा. कठडा समोर दिसतोय, बटण दाबलं, काही नाही. जरा डावीकडे सरकलो, गन बसली, पण तोंड चौकटीच्या लाकडाकडे. तोवर समोरच्याने टिपलेलं असतं. मला हवंय ते असं: बटण दाबायच्या आधीच बायपॉड कुठे बसेल आणि गन दोन्ही बाजूंना किती वळेल ते फिकट आकृतीत दिसू दे. कठडा थोडा वर-खाली असेल तर खेळाडूने आपोआप गुडघा वाकवावा. आणि घाईत पाय न उघडता गन नुसती टेकवली तरी अर्धा आधार मिळू दे. रेड ऑर्केस्ट्रा २ हे २०११ चं गेम. त्यात गन खिडकीत टेकवता यायची आणि तापलेली नळी बदलावीही लागायची. तेव्हा जमलं, मग आज का नाही?

म्हापसा_रनर
तुझं सगळं गनरच्या बाजूने. आम्ही मैदान ओलांडून जातो, त्यांचं काय? २०१८ च्या बॅटलफील्ड ५ मध्ये मध्यम मशीनगनला बायपॉड लावल्याशिवाय नेमच धरता येत नाही. मग गनर काय करतात? गवतात पालथे पडून राहतात. तुझी आकृती आली की असे बसून राहणारे आणखी वाढतील. मला पुढे सरकणारा गनर हवाय.

पेडणे_पावसाळी
आकृती राहू दे रे. घोळ पिंगचा आहे, म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा. गोव्यात बसून सिंगापूर सर्व्हरवर खेळता. तुमचा कॉम्प्युटर म्हणतो गन बसली, सर्व्हर म्हणतो नाही बसली, की तुम्ही परत उभे. त्यात आमच्याकडे माडाची झावळी तारेवर पडली की लाईट जाते. लाईट आली तरी फायबर येत नाही. चवथीपर्यंत हेच चालू.

साखळीकर
अगदी बरोबर. सत्तरीच्या बाजूला तर याहून वाईट. केबल झाडांना बांधून नेलीय, वारा सुटला की खेळ बंद. तक्रार केली तर सांगतात माणूस पाठवतो. माणूस येतच नाही.

फोंडा_गनर
विषय मशीनगनचा आहे! लाईटसाठी वेगळा धागा काढा.

पेडणे_पावसाळी
तुझ्याकडे इन्व्हर्टर आहे म्हणून तुला विषय वेगळा वाटतो. मी कठड्याला गन लावतो आणि स्क्रीन काळी होते. मला कसली आकृती दाखवतोस?

साखळीकर
मुंबईचा सर्व्हर का रिकामा असतो ते आधी बोला. आपलेच लोक तिथे थांबत नाहीत. दहाजण दिसले की निघून जातात, म्हणून तो कधी भरत नाही. गोवा, कोल्हापूर, बेळगाव सगळ्यांनी एक वेळ धरली तर तासाभरात भरेल.

म्हापसा_रनर
हे खरंय. मीसुद्धा निघून जातो, कारण रिकाम्या मैदानात धावण्यात मजा नाही. पण त्यासाठी आम्हालाच दोष देऊ नकोस.

फोंडा_गनर
अरे, सिंगल प्लेयर सरावातही गन तशीच अडकते. तिथे कुठला सर्व्हर आलाय? पिंगमुळे त्रास वाढतो एवढंच. मूळ दोष मांडणीतच आहे.

डिचोली_हवालदार
मुलांनो, मी फौजेत एलएमजी वनबी ही हलकी मशीनगन चालवली आहे. ब्रेन या जुन्या ब्रिटिश मशीनगनचंच ७.६२ मिमी गोळीचं रूप. बायपॉड उघडायला वेळ लागतच नाही. वेळ लागतो जागा निवडायला. पुढे मोकळा पट्टा दिसतो का, मागून निघायला वाट आहे का, ओल्या मातीत पाय रुततील का, हे नंबर एक, म्हणजे गन चालवणारा, पळतानाच बघतो. मग बट, म्हणजे गनचा मागचा दस्ता, खांद्यात घट्ट, डावा हात बटावर, थोड्या थोड्या गोळ्यांचे छोटे बर्स्ट. शेजारचा नंबर दोन, म्हणजे त्याचा मदतनीस, मॅगझिन आणि नळी बदलतो. माझा नातू खेळतो ते बघितलं. त्याला जागा क्षणात कळते आणि गन ठेवताना तो घामाघूम होतो. हे उलटं आहे. आणि उभ्याने फायर करायचं तर अंतर अगदी कमी हवं. लांबवर गोळ्या नुसत्या वाया जातात.

फोंडा_गनर
काका, हेच मला म्हणायचं होतं. डोकं जागा शोधण्यात खर्च व्हावं, बटणाशी झगडण्यात नाही. आणि नंबर दोनला खरं काम द्या. आज तो पट्ट्यांची पेटी टाकतो आणि पळून जातो. तो शेजारी असेपर्यंत नळी लवकर बदलली जावी, मग दोघं एकत्र राहतील.

म्हापसा_रनर
काका म्हणतात म्हणून आकृती चालेल. तू म्हणतोस म्हणून नाही. पण माझी अट आहे. मांडलेली गन उचलून उठायला पुरा वेळ लागला पाहिजे, आणि ठरलेल्या कोनाबाहेर ती अजिबात वळता कामा नये. मी बाजूने आलो तर मला संधी मिळायलाच हवी.

पेडणे_पावसाळी
आणि गन बसली की नाही हे सर्व्हरने आधी ठरवू दे, मग स्क्रीनवर दाखवा. तेवढं तरी लिहून पाठवा.

फोंडा_गनर
उठायला वेळ, मान्य. कोन, मान्य. सर्व्हरचं मान्य नाही. उत्तर येईपर्यंत गनर मेलेला असेल. आणि उभ्याने फायर? काकांनी सांगितलं तेवढ्या जवळच्या अंतरावर, आणि तेही नेम न धरता. त्याहून एक पाऊल मी मागे सरणार नाही.

म्हापसा_रनर
मग मीही सरणार नाही. पंचवीस पावलांवर मला नेम हवा.